अतिसंवाहक कॅव्हिटी आणि बीम डायनॅमिक्स : मराठीत काय म्हणावं?

पाचपाखाडी, ठाणे

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, जवळच्या एका शाळेत कणवेगवर्धकांवर, म्हणजे विद्युतभारित कणांचा वेग वाढवणाऱ्या यंत्रांवर, तक्ते लावायचे आहेत. वाचणार नववी-दहावीची मुलं आणि त्यांचे आईवडील. ‘कणवेगवर्धक’ या शब्दाबद्दल दुमत नाही, मराठी विश्वकोशातही तोच आहे. घोडं अडलंय त्याच्या पुढे. हातात आलेल्या मसुद्यात सुपरकंडक्टिंग रेडिओ फ्रीक्वेन्सी कॅव्हिटीला ‘अतिचालक रेडिओ आवृत्ति गुहिका’ आणि बीम डायनॅमिक्सला ‘पुंज गतिकी’ असे शब्द आहेत. ते वाचून डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. मुलाने घरी जाऊन आजीला सांगताना तोच शब्द वापरावा, इतका तो सरळ हवा. कॅव्हिटी (कणांना ढकलणारं विद्युत क्षेत्र जिच्यात कोंडतात ती धातूची पोकळ वस्तू), रेझोनन्स, बीम, एमिटन्स, हेलो आणि क्वेंच, एवढ्यांसाठी सुचवा.

कोपरखैरणे

ताई, मसुदा हिंदीवरून उचललेला दिसतो. मराठीत सुपरकंडक्टरला ‘अतिसंवाहक’ हा रुळलेला शब्द आहे. फ्रीक्वेन्सीला शाळेत ‘वारंवारता’ शिकवतात, जुन्या लेखनात ‘कंप्रता’ सापडते. मुलांसाठी वारंवारताच ठेवा. आणि ‘पुंज’ तर मुळीच नको. आपल्याकडे पुंज म्हणजे क्वांटम. ‘पुंज गतिकी’ वाचून अकरावीतला मुलगा पुंजयामिकीचं पुस्तक उघडेल.

नेरूळ

‘शून्यरोधी पोकळी’ कसं वाटतं? अतिसंवाहकाचा विद्युत रोध शून्य असतो आणि कॅव्हिटी म्हणजे पोकळी. दोन्ही शब्द मुलांना येतात.

खारघर

‘शून्यरोधी’ तक्त्यावर लावू नका, अशी कळकळीची विनंती. माझी नोकरी वेगवर्धकांवर झाली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

रोध शून्य होतो तो एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला. कॅव्हिटीतलं क्षेत्र सेकंदाला कोट्यवधी वेळा उलटतं. अतिसंवाहकात प्रवाह वाहतो तो इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांमुळे, कूपर जोड्या म्हणतात त्यांना. या जोड्यांनाही वस्तुमान आहे, त्यामुळे क्षेत्र उलटलं की त्या त्याच क्षणी वळत नाहीत. तेवढ्यात क्षेत्र धातूच्या कातडीत थोडं शिरतं, निओबियममध्ये (बऱ्याच कॅव्हिटी या धातूच्या असतात) साधारण ४० नॅनोमीटर, आणि तिथे जोडीत नसलेले जे एकटे इलेक्ट्रॉन असतात त्यांना हलवतं. त्यातून उष्णता निघतेच. निओबियम ९.२ केल्विनला अतिसंवाहक होतो, तरी बऱ्याच यंत्रांत त्याला २ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात, ते या एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या घटवण्यासाठी. मग पृष्ठभागाचा रोध नेहमीच्या तापमानातल्या तांब्याच्या दहा लाखांशाच्या आसपास येतो. पण शून्य नाही. आणि हा उरलेला रोध क्षुल्लकही नाही, कारण २ केल्विनला निघालेली एक वॅट उष्णता बाहेर काढायला वर शीतयंत्राला शेकडो वॅट लागतात. या क्षेत्रातल्या माणसांचं अर्धं आयुष्य त्या उरलेल्या रोधाशी झगडण्यात जातं. तो शब्दातच पुसून टाकला तर मुलांना वाटेल, प्रश्न सुटलेला आहे.

आता रेझोनन्स. ‘अनुनाद’ चालतो, पण त्यात नाद आहे आणि इथे आवाजाचा संबंध नाही. ‘अनुस्पंदन’ जास्त बरोबर. स्पंदन मुलांना हृदयामुळे माहीत असतं. चांगल्या निओबियम कॅव्हिटीचा क्यू, म्हणजे साठलेली ऊर्जा किती हळू ओसरते त्याचं माप, हजार कोटींच्या घरात जातो, तांब्याचा काही दहा हजार. १.३ गिगाहर्ट्झची कॅव्हिटी घ्या, म्हणजे सेकंदाला १३० कोटी स्पंदनं. तिला ऊर्जा भरून सोडून दिली, तर ती ऊर्जा सुमारे एकतृतीयांशावर यायला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्यात दीडशे कोटींवर स्पंदनं होऊन गेलेली असतात! ‘अनुस्पंदन’ या शब्दाचं वजन कळतं ते इथे.

वागळे इस्टेट, ठाणे

कॅव्हिटीचं भाषांतर कशाला? आमच्याकडे मोल्डच्या कामात कोअर आणि कॅव्हिटी हे रोजचे शब्द आहेत. आठ कॅव्हिटीचा मोल्ड म्हटलं की हेल्परलाही कळतं. ठाण्यातल्या मुलांपैकी कितीतरी जणांचे वडील हेच काम करतात.

मला एक विचारायचं आहे, काका. फोटोत ही वस्तू गाठी गाठी असलेल्या नळीसारखी दिसते. नऊ फुगे आहेत. मग ती नऊ कॅव्हिटीची म्हणायची का? आणि बनवतात कशी, टर्निंग करून की शीट ड्रॉ करून?

खारघर

फार चांगला प्रश्न, कारण नेमका इथेच तक्त्यावर घोळ होतो. ती एकच कॅव्हिटी, तिचे नऊ भाग. इंग्रजीत त्या भागांना सेल म्हणतात. मराठीत सेल म्हटलं की पेशी नाहीतर बॅटरी. मी ‘खण’ सुचवतो. कपाटाचे खण असतात, जुन्या वाड्याचंही माप खणांत सांगतात. तर ही ‘नऊखणी कॅव्हिटी’.

खणाची लांबी कुणाच्या मर्जीवर नसते. १.३ गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे २३ सेंटिमीटर. कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघालाय, आणि तो एक खण ओलांडेपर्यंत क्षेत्राने बरोबर अर्धं आवर्तन पुरं करायला हवं, म्हणजे पुढच्या खणात त्याला पुन्हा पुढेच ढकलणारं क्षेत्र भेटतं. म्हणून खण अर्ध्या तरंगाचा, साडेअकरा सेंटिमीटरचा. असे नऊ खण मिळून एक मीटरच्या थोडं वर. हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण लेसर यंत्रात अशा नऊखणी कॅव्हिटी ओळीने शेकडो आहेत. प्रोटॉन सुरुवातीला बराच हळू असतो, त्याच्यासाठी त्याच वारंवारतेचा खण आखूड करावा लागतो.

बनवणं शीटचंच. निओबियमची जाड शीट डायवर ड्रॉ करून कप काढतात, दोन कप जोडले की एक खण. जोडकाम इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंगने, तेही निर्वातात, कारण तापलेला निओबियम हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन शोषून घेतो आणि त्याचा गुण जातो. मग आतून रसायनांनी थर उतरवायचा, अतिशुद्ध पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचं, आणि क्लीनरूममध्ये जुळणी. आत धुळीचा कण राहिला तर जोराच्या क्षेत्रात तिथून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात. तुमच्या कामात मायक्रॉन बघतात, तसं इथेही. ही कॅव्हिटी लांबीला एक मायक्रॉन ताणली, तर वारंवारता ३०० हर्ट्झच्या आसपास सरकते. पंपाची थरथरसुद्धा तिला जाणवते, म्हणून लांबी सतत सांभाळणारा ट्यूनर बसवलेला असतो.

थोडक्यात, बोलताना ‘कॅव्हिटी’ला माझी हरकत नाही. ‘पोकळी’ नको, कारण मुलं तिला निर्वात पोकळी समजतील. आत निर्वात असतोही, पण काम करते ती भिंत आणि भिंतीत कोंडलेलं क्षेत्र.

ऐरोली

आणखी एक मुद्दा. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) पेलेट्रॉन या वेगवर्धकाच्या पुढे जो अतिसंवाहक लिनॅक, म्हणजे सरळ रेषेतला वेगवर्धक, आहे, त्यात खण नाहीत. तांब्याचं भांडं, मधोमध दांडा, आणि आतून शिशाचा मुलामा. शिसं ७.२ केल्विनला अतिसंवाहक होतं. वारंवारता १५० मेगाहर्ट्झ. तिथली माणसं त्याला कॅव्हिटी न म्हणता रेझोनेटर म्हणतात. तेव्हा दोन्हींना मिळून एक शब्द हवा असेल तर ‘अनुस्पंदक’ घ्या. नऊखणी कॅव्हिटी हा त्यातला एक प्रकार.

पाचपाखाडी, ठाणे

‘खण’ आणि ‘अनुस्पंदक’ दोन्ही घेतले. काका, मग खारघरला इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे, तिथेही अशाच कॅव्हिटी आहेत का? मुलांना जवळचं उदाहरण देता येईल. आणि बीमचं सांगा. मैत्रीण ‘शलाका’ म्हणते, मला ‘झोत’ बरा वाटतो.

खारघर

तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राचा १० एमईव्ही (मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा इलेक्ट्रॉन लिनॅक आहे, पण तो तांब्याचा, अतिसंवाहक नव्हे. तक्त्यावर दोन्ही शेजारी-शेजारी दाखवा, फरक ठसेल.

‘झोत’च घ्या. शलाका म्हणजे बारीक काडी, सळई. लेसरला ती शोभते. पण बीम डायनॅमिक्स हा विषय आहेच मुळी यासाठी, की कणांचा झोत काडीसारखा ताठ राहत नाही. तो पसरतो, डोलतो, त्याचे पुंजके होतात. सारखाच भार असलेले कण एकमेकांना दूर लोटतात. चतुर्ध्रुवी चुंबक त्यांना आडव्या दिशेने गोळा करतो, तर उभ्या दिशेने फाकवतो. पुढचा चुंबक उलटं करतो. एकाआड एक असे चुंबक लावले तर शेवटी दोन्ही दिशांनी झोत आवरला जातो, हे १९५२ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत कुरांट, लिव्हिंग्स्टन आणि स्नायडर यांनी मांडलं. तेव्हा ‘झोतगतिकी’ हा शब्द मला पटतो.

एमिटन्ससाठी ‘उत्सर्जन’ कुणी सुचवेल, ते टाळा. इथे काहीच उत्सर्जित होत नाही. मी ‘पसारा’ म्हणेन. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी किती माणसं किती रुंदीत आहेत एवढं बघून भागत नाही, कोण कुठे तोंड करून निघालंय तेही बघावं लागतं. झोताचंही तसंच. कण किती जागेत आहेत आणि त्यांच्या दिशा किती वेगवेगळ्या आहेत, या दोन्हींचा मिळून पसारा. चुंबकाने झोत अरुंद केला की दिशांमधला फरक वाढतो, पसारा तेवढाच राहतो. पुढच्या दिशेचा संवेग वाढत गेला की दिशांमधला फरक मात्र घटतो, आणि कॅव्हिटी तेच काम करतात.

हेलोला तर आपला तयार शब्द आहे, ‘खळं’. चंद्राला पडतं तेच. झोताच्या मुख्य गाभ्याभोवती विरळ कणांचं खळं असतं. जबर शक्तीच्या प्रोटॉन लिनॅकमध्ये ते भिंतीला घासलं की यंत्र किरणोत्सारी होतं. दुरुस्तीला माणूस जवळ जाऊ शकावा म्हणून मीटरमागे एक वॅटपेक्षा जास्त झोत सांडू द्यायचा नाही, असा दंडक पाळतात.

वागळे इस्टेट, ठाणे

क्वेंच राहिला. हीट ट्रीटमेंटवाले क्वेंचिंग म्हणतात, गावाकडे लोहार ‘पाणी देणं’ म्हणतो. तोच घ्यायचा का?

खारघर

नाही. लोहार तापलेलं पातं एकदम गार करतो. कॅव्हिटीत उलट होतं. एखाद्या डागाजवळ निओबियम तापतो, अतिसंवाहक राहत नाही, मग तिथे आणखी उष्णता निघते, डाग पसरतो आणि साठलेली सगळी ऊर्जा कॅव्हिटी गार ठेवणाऱ्या द्रव हेलियममध्ये जाते. हेलियम उकळतो. ‘अतिसंवाहकता मोडणं’ असं सरळ लिहा. ताप मोडतो, झोप मोडते, तशी ही मोडते.

पाचपाखाडी, ठाणे

पहिल्या तक्त्याचा मजकूर असा केलाय : ‘निओबियमची नऊखणी अतिसंवाहक कॅव्हिटी. ही एक प्रकारची अनुस्पंदक आहे. कणांचा पुंजका एका खणातून दुसऱ्या खणात जाईपर्यंत विद्युत क्षेत्राची दिशा पालटते, त्यामुळे प्रत्येक खणात तो पुढे ढकलला जातो.’

कोपरखैरणे

‘एक प्रकारचा अनुस्पंदक’ हवं, आणि शेवटी ‘त्यामुळे प्रत्येक खण त्याला पुढेच ढकलतो’ करा. बाकी छापायला द्या.