मदत हवी आहे: कवटीच्या हाडातल्या पेशींची प्लेट लालभडक होते, पण ते हाडच आहे का?

नमस्कार मंडळी. पीएचडीच्या कामात एका जागी अडकले आहे.

रॅटच्या नवजात पिल्लांच्या कवटीतून कोलॅजिनेज (कोलॅजन या प्रथिनाचे धागे तोडणारं एन्झाइम) वापरून पेशी सोडवून घेते (एथिक्स समितीची परवानगी आहे, तो विषय नको). सुरुवातीच्या खेपांत सुटणाऱ्या पेशींत फायब्रोब्लास्ट (हाड न बनवणाऱ्या जोड-ऊतीच्या पेशी) फार, म्हणून त्या टाकते आणि नंतरच्या वाढवते. माध्यम अल्फा-एमईएम, १०% सीरम. पेशी दाटल्या की ॲस्कॉर्बिक ॲसिड (क जीवनसत्त्व) ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि फॉस्फेटसाठी बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर. २१ व्या दिवशी अलिझरीन रेड (खनिज दाखवणारा लाल रंग).

प्लेट मस्त लाल होते, गाइड खूश. पण रंग गाठीगाठींनी येत नाही, सगळीकडे सारखा पसरतो. जिथे पेशी मरून थर सुटलाय तिथे तर सगळ्यात गडद! ग्लिसरोफॉस्फेट न घातलेले वेल (प्लेटमधले खळगे) कोरे राहतात. अल्कलाइन फॉस्फटेज (फॉस्फेट सोडवणारं एन्झाइम) भरपूर मिळतं. एवढ्यावर ‘ऑस्टिओब्लास्टनी (हाड बनवणाऱ्या पेशींनी) खनिज साठवलं’ असं लिहू का?

प्रतिसाद १

ताई, एवढ्यावर लिहू नका. अलिझरीन कॅल्शियमला धरतो. तो कोलॅजनच्या धाग्यांवर बसलाय की नुसता साका खाली बसलाय, हे त्याला कळत नाही. फॉस्फटेज ग्लिसरोफॉस्फेट तोडून फॉस्फेट मोकळं करतं. १० मिलिमोलर दिलंत तर इतकं फॉस्फेट सुटतं की माध्यमातल्या कॅल्शियमबरोबर ते आपोआप खाली बसतं. पेशी मेली तरी एन्झाइम काही काळ काम करत राहतं, म्हणून तुमच्या मेलेल्या जागा गडद. पुष्कळ पेपरांत हाच आकडा डोळे मिटून उतरवलेला दिसतो. २ ते ५ वर आणून बघा.

त्याहून महत्त्वाचा कंट्रोल म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिडशिवायचे वेल. ते नसेल तर कोलॅजनमधल्या प्रोलीन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल नीट बसत नाही, कोलॅजनची जाळी धड होत नाही आणि खरं खनिजीकरण अडतं. तरीही लाल झालं, तर तो रसायनाचा खेळ.

धागाकर्ती

सर, हे पटलं. पण रॅटला क जीवनसत्त्व बाहेरून लागतं का? ते स्वतःच बनवतात ना?

प्रतिसाद १

बनवतात, पण यकृतात. डिशमध्ये यकृत कुठून आणणार? मात्र एक गोम आहे. नेहमीच्या अल्फा-एमईएममध्ये ॲस्कॉर्बिक ॲसिड आधीच असतं, म्हणजे वरून न घालणं हा कंट्रोल होत नाही. त्याविना मिळणारं अल्फा-एमईएम मागवा. आणि साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड ३७ अंशांवर फार टिकत नाही, ॲस्कॉर्बेट-२-फॉस्फेट टिकतं.

प्रतिसाद २

खनिजाआधी पेशींची ओळख पक्की करा. फॉस्फटेज यकृत-मूत्रपिंडातही असतं, त्यावर भिस्त नको. हाडपेशींच्या जनुकांपैकी रनएक्स२ लवकर दिसतं, ऑस्टिओकॅल्सिन उशिरा. दोन्हींचा आरएनए वेगवेगळ्या दिवशी मोजा. त्याच पिल्लांच्या त्वचेचे फायब्रोब्लास्ट तुलनेसाठी शेजारच्या वेलमध्ये लावा. पॅराथायरॉइड हार्मोन देऊन सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) वाढतं का तेही पाहा. ही जुनी चाचणी मला अजून आवडते, कारण त्यात पेशी काय करते ते दिसतं. नुसता रंग बघून काय कळणार?

धागाकर्ती

दोघांचे आभार. त्वचेच्या पेशी याच खेपेला लावते. शेवटचं विचारते: विभागात एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट घेणारं यंत्र) आहे, रंगवलेलीच प्लेट खरवडून दिली तर चालेल?

प्रतिसाद १

नको, रंगाचे स्वतःचे पट्टे मध्ये येतील. न रंगवलेला वेल वेगळा ठेवा, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन क्षार घालवा (पीबीएस या धुण्याच्या बफरचं फॉस्फेट राहिलं तर तेच मोजत बसाल), मग थर वाळवून द्या. फॉस्फेटचा पट्टा ९०० ते १२०० सेमी⁻¹ मध्ये आणि कोलॅजनचा अमाइड-१ साधारण १६५० ला बघा. फॉस्फेट भरघोस आणि अमाइड नावापुरता असेल, तर तो नुसता साका; गाइडना तोच आलेख दाखवा.