चित्रकारांसाठी स्वस्तातला मॉनिटर: नवा २४ इंची आयपीएस की ऑफिसातून निघालेला जुना?

गिरगावची_रेघ
बजेट १२,००० रुपये, त्यावर एक रुपयाही नाही. काम म्हणजे दिवाळी अंकांची चित्रं, गणेशोत्सव मंडळांची पोस्टरं, क्वचित एखादं मुखपृष्ठ. आजवर सगळं लॅपटॉपवरच केलं. मागच्या दिवाळीला मुखपृष्ठावरचा झेंडूचा केशरी मला फिका दिसत होता, म्हणून वाढवत गेले. संपादकांनी मोबाइलवर पाहिला तर डोळ्यात खुपणारा भडक, आणि छापून आला तो मातकट. मग लॅपटॉपची माहिती काढली. पॅनेल ४५ टक्के एनटीएससी (रंगांच्या आवाक्याचं जुनं माप), म्हणजे एसआरजीबीतले (स्क्रीनसाठीचा नेहमीचा रंगसंच) साधारण ६० टक्केच रंग त्यावर दिसतात. जो रंग मला दिसतच नव्हता तो मी अंदाजाने भरत होते.

माझं मत: नवा २४ इंची फुल एचडी आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग फारसा न बदलणारं पॅनेल) घ्यावा, ज्याच्या माहितीत ९९ टक्के एसआरजीबी स्पष्ट लिहिलंय. दुकानदार "१ कोटी ६७ लाख रंग" असं सांगतात त्यावर जाऊ नये. तो आकडा रंगांच्या पायऱ्यांचा आहे (२५६ × २५६ × २५६), रंग किती गडद होऊ शकतो ते त्यातून कळत नाही. १६५ हर्ट्झ, वळलेली स्क्रीन, एचडीआरचा स्टिकर यांवर आपण चित्रकारांनी पैसे घालू नयेत. पटतंय का?

कल्याण_स्लो
नाही पटत. या किमतीत नव्या मॉनिटरचा स्टँड बहुतेक वेळा फक्त पुढेमागे कलतो. आठ तास पेन टॅब्लेटवर काम करणाऱ्याच्या मानेचा विचार कोण करणार? मुंबईत लॅमिंग्टन रोडला ऑफिसांतून निघालेले आयपीएस मॉनिटर मिळतात, १९२० बाय १२०० चे म्हणजे १६:१० चे, वरखाली होणाऱ्या भक्कम स्टँडसकट. मी तोच घेतला.

दुसरं कारण रुंदी-उंचीच्या प्रमाणाचं. माझ्या टॅब्लेटचा पृष्ठभाग १६:१० आहे. १६:९ च्या, म्हणजे फुल एचडी स्क्रीनला तो पूर्ण जोडला की हाताने गोल काढलेलं वर्तुळ स्क्रीनवर आडवं पसरतं. ड्रायव्हरमध्ये प्रमाण बांधून घेता येतं, पण मग टॅब्लेटची दहा टक्के उंची वाया जाते. १६:१० च्या मॉनिटरवर हा प्रश्नच येत नाही.

गिरगावची_रेघ
वर्तुळाचा मुद्दा मान्य, मला तो सुचला नव्हता. पण जुन्याचा बॅकलाइट किती वर्षं जळलाय हे कसं कळणार? पिवळा पडलेला पांढरा हाच खरा पांढरा, असं डोळा चार दिवसांत मानायला लागतो.

कल्याण_स्लो
दुकानातच तपासायचं. पेन ड्राइव्हवर तीन चित्रं न्यायची: कोरं पांढरं, मधला राखाडी, आणि काळ्याकडे जाणारी छटा. पांढऱ्याशेजारी मोबाइल धरला की पिवळेपणा लपत नाही. राखाडीत कोपरे काळवंडलेले दिसले तर सोडून द्यायचा.

बोरिवली_बॅकग्राउंड
२७ इंची व्हीए (आयपीएससारखाच पॅनेलचा दुसरा प्रकार) का नको? याच पैशात येतो, काळाही छान गडद दिसतो.

गिरगावची_रेघ
व्हीएमध्ये जरा बाजूने पाहिलं की छटा बदलते. मोठ्या स्क्रीनवर समोर बसूनही मधला आणि कडेचा तोच रंग वेगळा दिसू शकतो. शिवाय २७ इंचावर फुल एचडी म्हणजे इंचाला ८२ पिक्सेल, २४ वर ९२. बारीक रेघेत फरक दिसतो.

चार_रंग
मी प्रेसमध्ये प्रीप्रेस, म्हणजे छपाईआधीची तयारी बघतो, म्हणून स्पष्ट सांगतो. तुमचा केशरी फक्त लॅपटॉपमुळे बिघडलेला नाही. भडक केशरी, पोपटी, विजेरी निळा हे चार शाईंच्या छपाईत तसेच येत नाहीत, मॉनिटर कितीही महाग असो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक "काळपट छापलं" तक्रारींचं मूळ एकच: घरी ब्राइटनेस १०० वर ठेवून रंगवलेलं असतं. छपाईच्या कामासाठी पांढऱ्या कागदाशेजारी स्क्रीन झगझगणार नाही इतका उजेड खाली आणा, रंगतापमान (पांढरा किती पिवळा-निळा दिसतो ते) ६५०० केल्विन ठेवा. दोन हजार कमीचा मॉनिटर घ्या आणि उरलेल्या पैशांत प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा कागदी नमुना काढा. नव्या-जुन्याचा वाद मला दुय्यम वाटतो.

गिरगावची_रेघ
ब्राइटनेसचं आजच करते, खरंच १०० वर होता. पण दुय्यम मात्र मला वाटत नाही. छापल्यावर रंग कसा बसेल हे सॉफ्टवेअरमध्ये बघायचं तरी ते त्याच स्क्रीनवर ना? ६० टक्के रंग दाखवणारी स्क्रीन प्रूफही चुकीचंच दाखवणार. आणि प्रत्येक दुरुस्तीला कागदी प्रूफ काढणं माझ्यासारखीला परवडत नाही.

चार_रंग
हे बरोबर. तेवढ्यापुरता माझा शब्द मागे.

कल्याण_स्लो
मग नवा घेतलात तरी एक करा. ओळखीच्या फोटोग्राफरकडून कलरीमीटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) एका दिवसासाठी मागून आणा. दुसऱ्याने नेटवर टाकलेलं रंगदुरुस्तीचं प्रोफाइल वापरू नका, एकाच मॉडेलचे दोन नग सारखे नसतात.

गिरगावची_रेघ
मागते. शनिवारी दुपारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जातेय, पेन ड्राइव्हवर ती तीन चित्रं आणि गेल्या वर्षीचं मुखपृष्ठ घेऊन. छापील अंकही पिशवीत असेल. आधी नवाच बघणार आहे, पण तुमच्या त्या १६:१० समोरही पाच मिनिटं बसेन.