पत्ते + रोगलाइक: चौथ्या लढाईनंतर डाव रटाळ होतो

नवखा_कोडर: गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) पत्ते आणि रोगलाइक (हरलं की पहिल्यापासून, दर डावाला नवा नकाशा) यांचं मिश्रण असलेला गेम करतोय. सुरुवात छान, पण पत्ते वाढले की लढाया एकसारख्या वाटतात. चुकतंय कुठे?

पत्तेबाज: पत्ता घेणं सक्तीचं ठेवलंय का? 'स्ले द स्पायर' (२०१९) हा गेम बघा. त्यातल्या आयर्नक्लॅड या योद्ध्याकडे सुरुवातीला १० पत्ते: ५ स्ट्राइक (हल्ला), ४ डिफेंड (बचाव), १ बॅश (जोरदार हल्ला). दर फेरीला ५ पत्ते हातात, ३ एनर्जी (पत्ते खेळण्यासाठी खर्चायची). म्हणजे दोन फेऱ्यांत अख्खा गठ्ठा फिरतो. २० पत्ते झाले की तोच हुकमी पत्ता चार फेऱ्यांतून एकदा! म्हणून जिंकल्यावर ३ पैकी १ घ्या, नाहीतर सोडून द्या. दुकानात पत्ता काढायला ७५ सोनं, पुढच्या वेळी २५ जास्त. काढणं महाग, म्हणून घेतानाच डोकं चालवावं लागतं.

रात्रपाळी: शिवाय शत्रूचा पुढचा डाव आधी दाखवा, नाहीतर बचाव म्हणजे निव्वळ मटका. शत्रूच्या डोक्यावर '११' (तेवढ्याचा हल्ला) दिसलं, की ५-५ चे दोन डिफेंड टाकून उरलेला १ चा फटका झेलायचा आणि उरलेल्या एनर्जीत स्ट्राइक हाणायचा, हा हिशेब जमतो. खरी मजा त्यातच आहे.

नवखा_कोडर: सक्तीच होती, काढतो. तोच सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) देऊनही लढाई दर वेळी वेगळी का?

पत्तेबाज: नकाशा, पिसणं आणि बक्षिसं एकाच रँडम जनरेटरवर असणार. दुकानात एक जादा आकडा काढला की पुढचं सगळं सरकतं. तिघांना वेगळे जनरेटर द्या, प्रत्येकाचा सीड मूळ सीडवरूनच काढा.