कर्बोदके कमी करायची, पण पोटाला विचारून : अनुभव धागा

रक्तातील साखर वाढू लागली की डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि इमारतीतील शेजारी सगळे एकच सल्ला देतात : भात-पोळी कमी करा. सल्ला योग्यच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही दिवसाच्या उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांपेक्षा अधिक वाटा धान्यांचा नसावा, २,००० उष्मांकांच्या आहारात धान्य सुमारे २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम असाव्यात, असे म्हटले आहे. सकाळी पोहे, दुपारी डब्यातील पोळी-भाजी, स्टेशनाबाहेर वडापाव आणि रात्री वरणभात असा दिवस या मर्यादेत बसत नाही, हे मोजून पाहायचीही गरज नाही.

अडचण त्यापुढे सुरू होते. ताटातून धान्य उचलले की त्या जागी कडधान्ये, फ्लॉवर, बदाम, पनीर, मासळी यांपैकी काहीतरी येते. आणि ज्यांचे पोट मुळातच नाजूक आहे, ज्यांना गहू किंवा दूध वर्ज्य आहे किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे प्रथिने मोजून खावी लागतात, त्यांना नेमके तेच सोसत नाही. अशा सर्वांनी आपण काय काढले, त्या जागी काय आणले आणि पोटाने त्यातले काय मान्य केले, हे इथे वर आपले ठिकाण देऊन सविस्तर लिहावे, ही विनंती. वजन किती उतरले याची चढाओढ इथे नको. त्यासाठी शिवाजी पार्कची सकाळची फेरी आहे.

बदलापूर

मला अनेक वर्षांपासून आयबीएसचा, म्हणजे आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेचा त्रास आहे, आणि नोकरी फोर्टमध्ये. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते, त्यामुळे सकाळी काय खावे हा माझ्यासाठी चवीचा नव्हे, प्रवासाचा प्रश्न असतो. साखर सीमारेषेवर आली तेव्हा पोहे-उपम्याऐवजी मोड आलेल्या मटकीची उसळ, भाताऐवजी किसलेला फ्लॉवर आणि मधल्या वेळी मूठभर बदाम असा आहार आहारतज्ज्ञ बाईंनी दिला. साखरेचे आकडे सुधारले, पण ठाणे यायच्या आत पोटात कळा सुरू होऊ लागल्या.

गंमत अशी की त्याच वर्षी आषाढी एकादशीनंतर पोट बरेच शांत झाले. आमच्याकडे सासूबाई चातुर्मास पाळतात. कांदेनवमीला कांदाभजी होतात आणि त्यानंतर कांदा-लसूण थेट कार्तिकी एकादशीपर्यंत घरात शिजत नाही. आहारतज्ज्ञ बाईंना हे सांगितल्यावर त्यांनी उलगडा केला. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान नावाची कर्बोदके असतात, कडधान्यांत गॅलॅक्टन असतात, दुधात लॅक्टोज असते. ही लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत, पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचा वायू करतात. या सर्वांना मिळून फॉडमॅप म्हणतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी २००५ च्या सुमारास ही कल्पना मांडली आणि पुढे त्यावर आहारपद्धती उभी केली. आधी काही आठवडे हे सर्व बंद करायचे, मग एकेक पदार्थ पुन्हा खाऊन पाहायचा आणि जो सोसतो तो ठेवायचा. जन्मभर सगळेच वर्ज्य करायचे नसते, हे त्यांनी बजावून सांगितले.

फ्लॉवर आणि बदाम साखरेला चांगले, पण माझ्या आतड्याला वाईट निघाले. आता फ्लॉवरऐवजी दुधी, भेंडी, वांगे आणि भोपळी मिरची असते, बदामांऐवजी भाजलेले शेंगदाणे. पनीर चालते, कारण दूध फाडताना बरेचसे लॅक्टोज निवळीबरोबर निघून जाते. भात पूर्ण सोडलेला नाही. पोटाला सर्वांत सोपे धान्य तेच आहे, म्हणून दुपारी एक लहान वाटी मोजून घेते. लसणीची चव हवी असेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात लाल करून काढून टाकते आणि त्याच तेलात फोडणी करते. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात उतरत नाही. मात्र ही पाकळी आमटीत पडली की उपयोग संपला.

गिरगाव

वरील अनुभव वाचून एक गोष्ट तातडीने लिहावीशी वाटते. गहू सोडल्यावर बरे वाटले म्हणून कोणी परस्पर गहू बंद करू नये. आधी सीलिॲक आजाराची, म्हणजे गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची, रक्ततपासणी करून घ्यावी. आहारात गहू असतानाच ही तपासणी खरे उत्तर देते, कारण गहू बंद झाल्यावर रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू कमी होतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. माझ्या मुलीला हा आजार आहे आणि मला मधुमेह, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघराला दोन धनी आहेत.

गव्हाऐवजी ज्वारी-बाजरी आणली की दोन्ही प्रश्न सुटतात, असा सर्वसाधारण समज आहे. ग्लुटेनचा प्रश्न सुटतो, कर्बोदकांचा नाही. १०० ग्रॅम गव्हाच्या, ज्वारीच्या किंवा नाचणीच्या पिठात कर्बोदके साधारण ६० ते ७० ग्रॅमच असतात. भाकरी पोळीपेक्षा जाड असल्यामुळे एक भाकरी म्हणजे दोन पोळ्या धराव्या लागतात. मी अर्धी भाकरी, त्यावर बोटभर घट्ट पिठले आणि ताट भरून पालेभाजी असे जेवतो.

ग्लुटेनची खरी लढाई गिरणीत असते. आमच्या गल्लीतील गिरणीवाल्याला “ज्वारीवर ज्वारी दळा” असे सांगितले की तो मान डोलावतो, पण त्याआधीच्या गव्हाचे पीठ जात्याच्या कडेला आणि पीठ उतरणाऱ्या कापडी नळीत पांढऱ्या थराने चिकटलेले स्पष्ट दिसते. सीलिॲकच्या रोग्याला तेवढेही पुरते. शेवटी घरघंटी घेतली. आवाजाबद्दल खालच्या मजल्यावरून तक्रार येते, पण इलाज नाही. बाजारच्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे डबीवरील बारीक अक्षरांत वाचावे. मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी यांतही परंपरेने गहू असतोच. आम्ही भाजणी घरी करतो आणि गव्हाच्या जागी हरभरा डाळ वाढवतो. त्यामुळे माझीही थोडी सोय होते.

मुलुंड

माझे पित्ताशय काढलेले आहे. कार्यालयातील तरुण मंडळींच्या नादाने कीटो आहार, म्हणजे कर्बोदके जवळजवळ बंद आणि स्निग्ध पदार्थ भरपूर, सुरू केला. तूप, चीज, खोबरेल तेल घातलेली कॉफी वगैरे. पित्ताशय नसले की यकृतातून पित्त आतड्यात सतत थोडेथोडे झिरपत राहते, जेवणाच्या वेळी हवे तेवढे एकदम येत नाही. एका बैठकीत इतका स्निग्ध पदार्थ गेला की जुलाब ठरलेले. कर्बोदके मध्यम प्रमाणात कमी करून स्निग्धांश तिन्ही जेवणांत वाटून घेतल्यावर निभावते. कॉफी पुन्हा बिनतेलाची झाली, याचा आनंद वेगळाच.

माहीम

आमच्या घरी कर्बोदके कमी करणे सोपे जायला हवे होते, कारण मासळीत ती जवळजवळ नसतातच. भात अर्धा केला आणि त्या जागी बांगडा, तारली, मांदेली वाढवली. साखर उतरली आणि पायाचा अंगठा सुजला. यूरिक ॲसिड वाढलेल्या माणसाला नेमकी हीच लहान, तेलकट मासळी जपून खावी लागते, कारण तिच्यात प्युरीन भरपूर असते आणि त्याचेच शरीरात यूरिक ॲसिड होते. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक नौका किनाऱ्याला असतात, ताजी मासळी महागते, आणि घरोघरी सुकट, जवळा, सुके बोंबील निघतात. सुकवल्यावर पाणी जाते आणि बाकी सगळे घट्ट होते, प्युरीनही आणि मीठही. आता अंडी आणि ताक हा आधार आहे, मासळी आठवड्यातून ठरवून. सुकटीची चटणी सोडवत नाही, ती चिमूटभर घेतो.

विषय मांडणारीकडून एक सूचना

काहींनी औषधांबाबत विचारले आहे. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदके एकदम कमी केली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अतिअल्प कर्बोदकांचा आहार किंवा कडक उपवास डॉक्टरांना न सांगता करू नये. त्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्ले, साचून गंभीर अवस्था येऊ शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी ही तिची लक्षणे पोटाच्या नेहमीच्या कुरबुरीसारखीच दिसतात, म्हणून इथल्या मंडळींना हे विशेष सांगणे.

बोरिवली

वडिलांना मधुमेह आहे आणि मूत्रपिंडांचे कार्य मंदावले आहे. कर्बोदके कमी करा म्हटले की सर्वजण प्रथिने वाढवायला सांगतात, आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर प्रथिने वजनाच्या हिशेबात बांधून देतात. दोन्ही बाजू सांभाळायच्या तर उष्मांक आणायचे कुठून, हा आमचा रोजचा पेच होता. डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी एकत्र बसून जो मार्ग काढला त्यात भात-पोळी फार कमी केलीच नाही. साखर, बिस्किटे, फळांचे रस आणि चहाबरोबरचे खारी-टोस्ट बंद केले आणि दोन जेवणांत धान्य समान वाटले. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळतो आणि ते पाणी ओतून देतो, म्हणजे पोटॅशियम कमी होते. नारळपाणी बंद आहे. एका नातेवाइकांनी प्रेमाने कमी सोडियमचे मीठ आणून दिले होते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते, ते मूत्रपिंडाच्या रुग्णाला घातक ठरू शकते, म्हणून पिशवी न फोडता परत केली. त्यांना थोडे वाईट वाटले.

परळ

धान्य कमी केल्यावर मला बद्धकोष्ठ झाले. पोळीबरोबर कोंडाही गेला होता, हे उशिरा लक्षात आले. रात्री इसबगोल आणि दिवसभर पुरेसे पाणी, याने फरक पडला; पाणी कमी पडले तर इसबगोल उलट अडकून बसते. मधुमेहींसाठी म्हणून मिळणारी बिनसाखरेची चॉकलेटे आणि बिस्किटे यांत माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असते आणि चारपाच तुकड्यांतच पोट गुडगुडू लागते. बदलापूरच्या ताईंनी त्यांच्यापासून लांबच राहावे.

विलेपार्ले

उपवासाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, आणि वरीतही कर्बोदके काही कमी नसतात. मला आम्लपित्त आहे, त्यामुळे रिकाम्या पोटी राहणे जमत नाही आणि तळलेले वडे तर नाहीच. मी एकादशीला सकाळी दह्यातली काकडीची कोशिंबीर दाण्याचे कूट घालून घेते, दुपारी लाल भोपळ्याची तुपातली भाजी आणि राजगिऱ्याचे एकच पातळ थालीपीठ. रात्री गरम दाण्याची आमटी, मिरची न घालता, जिऱ्याच्या फोडणीवर. आईच्या मते हा उपवास नव्हे, रोजच्यापेक्षा बरे जेवण आहे. आमटी दाट झाली तर पोटाला जड जाते, म्हणून कूट बेताचे घालावे. कोणी शिंगाड्याचे पीठ लावून पाहिले असल्यास आम्लपित्तात ते कसे वाटले, ते अवश्य सांगावे.