शिक्क्यापेक्षा बूड बघा

एकाने विचारलंय, की जुन्या चिनी मातीच्या बशीच्या बुडाला बादशहाच्या नावाचा सहा अक्षरी शिक्का आहे, म्हणजे ती कांगशी बादशहाच्या काळातलीच (१६६२–१७२२) ना? एवढ्यावरून ठरवू नका. जुन्या बादशहांचे शिक्के मारायची चीनमध्ये रीतच होती. कांगशीच्या काळातल्या भांड्यांवर त्याआधीच्या मिंग घराण्यातल्या चेंगहुआ बादशहाचं नाव सर्रास सापडतं. उलट अठराव्या शतकात युरोपसाठी बनलेल्या बहुतेक भांड्यांवर शिक्काच नसतो.

बशी उलटी करा आणि बुडाची गोल कड उन्हात धरा. तिथे झिलई नसते, खरी माती दिसते. जिंगडेझेन हे चिनी मातीच्या भांड्यांचं चीनमधलं मोठं गाव. तिथली माती बारीक, पांढरी, आणि झिलई संपते तिथे बऱ्याचदा बारीकशी नारिंगी रेघ उमटलेली असते. कडेला भट्टीतली जाड वाळू चिकटलेली असेल आणि काम ओबडधोबड असेल, तर दक्षिणेकडच्या झांगझोऊच्या भट्ट्या आठवाव्यात. बुडाच्या मध्यावर भट्टीत खाली दिलेल्या टेकूंचे तीन-चार बारीक ठिपके दिसले, तर मला आधी जपानमधल्या आरिता गावच्या भांड्यांचा संशय येतो.

रंगीत मीनाकारीचं पुन्हा वेगळं. कोरी भांडी जिंगडेझेनहून दक्षिणेतल्या कँटन बंदरात यायची आणि गिऱ्हाईकाच्या मागणीप्रमाणे तिथे रंगायची. म्हणजे एकाच बशीची गावं दोन!

रोमन लिपीत 'चायना' लिहिलेलं असेल, तर बशी बहुधा १८९१ नंतरची. अमेरिकेच्या जकात कायद्याने देशाचं नाव सक्तीचं केलं होतं.

कृपया बुडाचा जवळून काढलेला फोटो टाका. आणि तोवर ती घासू नका, डाग आणि वाळू हाच तिचा पुरावा आहे.