अनुभव धागा : लहान मुलांचे दात

गेल्या आठवड्यात धाकट्याच्या दाढेत फिलिंग करून आणलं. वय साडेतीन. "दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत" हे वाक्य घरात सगळ्यात जास्त वेळा मीच म्हटलंय. मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकाव्या लागतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात, हे त्या खुर्चीशेजारी उभी राहिल्यावर कळलं. तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं ते लिहा. उपदेश नको, घरात घडलेलं लिहा.

रानफूल
आमची चूक बाटलीची. मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपायची. एकदा हसताना वरच्या पुढच्या दातांवर, अगदी हिरडीलगत, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली. दुधाचा थर असेल म्हणून नखाने खरवडून पाहिलं, निघेना. ती किडीची सुरुवात होती. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे दूध दातांवर तसंच बसून राहतं म्हणे. मग दर दोन रात्रींनी बाटलीत दूध थोडं कमी, पाणी थोडं जास्त. शेवटी नुसतं पाणी उरलं, तेव्हा तिनेच बाटली भिरकावून दिली. मधल्या तीन रात्री मात्र कोणीच झोपलं नाही. रेघ तिथेच थांबली, खड्डा पडला नाही.

मधलीसुट्टी
आधी ब्रश घेऊन घरभर मागे धावायचो. आता लेकाला उताणं झोपवून डोकं मांडीवर घेतो. मागच्या दाढा तेव्हाच नीट दिसतात. आणि शाळेसारखी हजेरी घेतो. दात २०, प्रत्येकाला नाव. खालची डावी शेवटची दाढ म्हणजे 'काका'. ब्रश टेकला की तोंड उघडं ठेवूनच "हआआ" करतो, म्हणजे हजर. परवा मी पेंगत होतो, दिवा मालवला, तर अंधारातून आवाज आला, "बाबा, काका राहिले."

आजीबाई
सूनबाईंनी मला दोन गोष्टींवरून टोकलं. एक, ब्रशभर पेस्ट. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी, तीही फ्लोराईडची. दुसरं, माझ्या चमच्याने नातवाला भरवणं. लाळेतून किडीचे जंतू जातात म्हणे. पेस्टचं लगेच पटलं. चमच्याचा राग आठवडाभर होता, खोटं कशाला सांगू!

खिडकी
आम्ही चांदण्यांचा तक्ता केला. सात रात्री घासलं की बक्षीस. बक्षीस काय, तर चॉकलेट! आठवडाभर कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

उंटावरून
लेक पाच वर्षांची झाल्यावर "माझी मी घासते" म्हणाली, मी खूश. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे नवी दाढ आली. कुठलाच दात पडला नव्हता, म्हणून आम्हाला वाटलं दुधाचीच असेल. ती कायमची निघाली! खोल खाचा, त्यात ब्रश पोचत नव्हता, वर्षभरात कीड. उरलेल्या तीन दाढांच्या खाचा सीलंटने बुजवून घेतल्या. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात तेवढा वळत नाही. आता ती आधी घासते, मग मी.

रानफूल
आणि एक, घासल्यावर खळखळून चूळ भरू देऊ नका. नुसतं थुंकायला लावा, नाहीतर फ्लोराईड वाहून जातं. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

धागाकर्ती
@मधलीसुट्टी, काल रात्री हजेरी घेतली. अठरापर्यंत तोंड उघडं राहिलं. एकोणिसाव्याला माझं बोट चावलं.