पाइनहर्स्ट नंबर २ : जीर्णोद्धार की नुसताच मेकअप?

केरीकर
आमच्या केरी-राले भागातल्या मराठी मंडळींत गोल्फ खेळणारे आता बरेच झालेत. त्यामुळे गाडीने सव्वा तासावर असलेल्या पाइनहर्स्ट या गोल्फ रिसॉर्टचा विषय निघतो, आणि निघाला की तिथल्या नंबर २ कोर्सच्या जीर्णोद्धारावरून वाद ठरलेला. माझी बाजू मांडतो, मग काय ती चिरफाड करा.

नंबर २ हा डोनाल्ड रॉस यांनी आखलेला कोर्स. रॉस मूळचे स्कॉटलंडमधल्या डॉर्नोकचे. सुतारकाम शिकलेले, सेंट अँड्र्यूजला जुन्या जमान्यातले नामवंत गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस यांच्या हाताखाली तयार झालेले. १९०० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात आले, १९०७ मध्ये हा कोर्स सुरू झाला आणि १९४८ मध्ये जाईपर्यंत ते त्यावर हात फिरवत राहिले. घरसुद्धा तिसऱ्या होलला लागून. १९७० च्या अखेरीस मालक टफ्ट्स कुटुंबाने रिसॉर्ट विकलं आणि पुढे फेअरवेच्या (म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेची वाळू आणि वायरग्रास (तिथलं झुबकेदार रानगवत) जाऊन तिथे बर्म्युडा गवताचा हिरवागार रफ, म्हणजे उंच गवत, आला. दोन्ही बाजूंना गवताच्या भिंती, मधे अरुंद पट्टा, चेंडू बाहेर गेला की वेज (चेंडू उंच उडवणारी काठी) काढा आणि मुकाट्याने परत या. यात डोकं कुठे लागतं?

बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या कोर्स आखणाऱ्या जोडीने २०१०-११ मध्ये जीर्णोद्धार करताना सुमारे ३५ एकर गवत उपटून काढलं. पाण्याचे फवारे ११५० वरून ४५० वर आणले. रफ हा प्रकारच बंद. फेअरवे रुंद झाले आणि त्यांच्या कडेला पुन्हा उघडी वाळू. मला विचाराल तर अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत कुठल्याही जुन्या कोर्सवर झालेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम आहे. ज्यांना ते उजाड वाटतं त्यांना टीव्हीवरच्या ऑगस्टाच्या हिरव्यागार कोर्सची सवय लागलीय, इतकंच.

तीन‑पट‑वाला
उजाडच आहे हो. इथलं २०१४ चं यूएस ओपन बघताना मला वाटलं पंप बंद पडलाय. डोनाल्ड ट्रम्पनीही तेव्हा ट्विटरवर नावं ठेवली होती. त्यांच्याशी माझं एकमत होण्याची ही पहिली आणि शेवटची वेळ.

शंकासुर
रंगाचं सोडा, माझा आक्षेप 'रॉसचा कोर्स परत आणला' या दाव्याला आहे. कोणत्या सालचा रॉस?

१९३५ पर्यंत इथे होलभोवतीची गवताची ग्रीन्सच नव्हती, वाळूची सपाट 'ग्रीन्स' होती. गवत रॉसनी नंतर लावलं. जीर्णोद्धारासाठी आधार घेतला तो १९४३ च्या हवाई फोटोचा. म्हणजे ऐन महायुद्धातला. त्या काळात माणसं आणि पैसा दोन्हींची टंचाई, देखभाल जेमतेम. त्या वर्षी कडेला जे रान माजलं होतं ते रॉसच्या मनातलं होतं की नाइलाजाचं, हे फोटो कसा सांगणार?

आणि या कोर्सची खरी ओळख काय? उलट्या बशीसारखी ग्रीन्स, ज्यांच्यावरून चेंडू चारी बाजूंना घरंगळतो. त्यांना कूर-क्रेनशॉंनी फारसा हातच लावला नाही. दरवर्षी वरून वाळू पसरत गेल्याने ती ग्रीन्स दशकानुदशकं फुगत गेली, रॉसनी ती इतकी घुमटाकार केलीच नव्हती, असं अनेक जाणकारांचं म्हणणं आहे. देवळावरचा ऑइल पेंट खरवडायचा, पण गाभाऱ्यातल्या नव्या टाइल्स भक्तांना आवडतात म्हणून तशाच ठेवायच्या, याला जीर्णोद्धार म्हणत नाहीत.

केरीकर
शंकासुरराव, डॉर्नोकला उंचावरची, कडा उतरत्या असलेली ग्रीन्स निसर्गानेच दिलेली आहेत. रॉस त्यातच वाढले. वाळूने थोडी भर घातली असेल, पण कल्पना उपरी नाही.

फोटोबद्दल म्हणाल तर तो एकटा पुरावा नव्हता. जमिनीखाली जुनी पाण्याची पाइपलाइन सापडली, फेअरवेच्या बरोबर मधून एकच ओळ गेलेली. तिच्यावरून फेअरवेची मूळ मध्यरेषा कळली. पाणी दोन्हीकडे जितकं उडायचं तितकंच हिरवं, त्यापुढे आपोआप पिवळं आणि मग वाळू. कोर्सची कड आखणारा माणूस नव्हता, फवारा होता. हे युद्धाच्या टंचाईमुळे झालेलं नाही.

लँडस्केपवाली
मी बागा आणि मोकळ्या जागा आखण्याच्या व्यवसायात आहे, गोल्फ खेळत नाही. मला यातलं सर्वांत पटलेलं ते फवाऱ्यांचं. रॉस काय म्हणाले असते यावर तुम्ही जन्मभर भांडाल. पण तिथली माती मुळातच वाळूची, लाँगलीफ पाइन आणि वायरग्रास तिथलेच. तिथे ३५ एकर लॉन हिरवं ठेवण्याचा हट्ट नुसत्या देखाव्यासाठी होता. तो सोडला हे चांगलं, श्रेय कोणाच्याही नावावर टाका.

छावणीकर
वाळूची ग्रीन्स वाचून हसू आलं. आमचे वडील फौजेत होते, लहानपणी छावणीतल्या कोर्सवर तेच पाहिलंय. आम्ही 'ब्राउन्स' म्हणायचो. तेल मिसळलेली वाळू, पट (ग्रीनवरचा हलका फटका) मारायच्या आधी कॅडी ती ओढून सपाट करून द्यायचा. पाणी नाही म्हणून कोणी खेळायचं थांबलं नव्हतं.

तीन‑पट‑वाला
लँडस्केपवाली ताई, पर्यावरण मान्य. पण आमच्यासारख्या बावीस हँडिकॅपवाल्या, म्हणजे बेताचं खेळणाऱ्याचा चेंडू वायरग्रासच्या झुडपाखाली गेला की तो शोधायचा, मग उकरायचा. प्रोंना 'आव्हान', आम्हाला शिक्षा.

केरीकर
उलट आहे. फेअरवे रुंद झाल्यामुळे टीवरून (होलचा पहिला फटका जिथून मारतात तिथून) तुमचा वाकडा फटकाही आत राहतो. आणि कडेला गेलात तर नशीब. वाळू सपाट मिळाली तर सरळ ग्रीनवर मारा, झुडूप आडवं आलं तर बाजूला काढा. जुन्या रफमध्ये सगळ्यांना सारखीच सजा होती. इथल्याच २०२४ च्या यूएस ओपनचा शेवटचा होल आठवा. विजेत्या डीशॅम्बोचा पहिला फटका डावीकडच्या वाळूत, झाडाच्या मुळाशी. तिथून ग्रीनपुढच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), मग ५५ यार्डांवरून तो बंकर शॉट. उंच रफ असता तर यातलं काही दिसलं नसतं.

शंकासुर
खेळ छान झाला, नाकबूल नाही. पण लांबीवर कोणी बोलतच नाही. १९९९ मध्ये पेन स्टुअर्ट इथे यूएस ओपन जिंकला तेव्हा कोर्स ७,१७५ यार्ड होता. २०१४ ला ७,५६२. एकीकडे १९४३ चा फोटो हातात घेऊन कडा कोरायच्या, दुसरीकडे रॉसनी स्वप्नातही न पाहिलेल्या ठिकाणी टी मागे न्यायचे. कारण लांब जाणारे चेंडू आणि ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) यांवर लगाम घालायची हिंमत वेळेवर कोणी दाखवली नाही, आणि त्याची किंमत जुन्या आर्किटेक्टच्या जमिनीने मोजायची. २०१४ नंतर ग्रीन्सवरचं बेंटग्रास (थंड हवेत चांगलं वाढणारं गवत) काढून बर्म्युडाची नवी जात लावली, तेही रॉसच्या नावाने का?

केरीकर
टी मागे नेल्याने पुढचा टी नाहीसा होत नाही. तुम्ही-आम्ही तिथूनच मारतो. २०१४ मध्ये लागोपाठच्या दोन आठवड्यांत पुरुष आणि महिला दोघांचं ओपन याच कोर्सवर झालं. पुरुषांत तिघेच पारच्या (कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांच्या) खाली, महिलांत एकटी मिशेल वी. वेगवेगळ्या टीवरून, पण ग्रीन्स तीच, वाळू तीच. गवताची जात उन्हाळा ठरवतो, त्यात रॉसना कशाला ओढता?

शंकासुर
बरोबर, त्यात रॉसना ओढू नका. मग रिसॉर्टच्या जाहिरातीतही ओढू नका. 'कूर-क्रेनशॉ यांचा नंबर २' अशी पाटी लावा, मी पहिला टाळ्या वाजवीन.

तीन‑पट‑वाला
२०२९ ला दोन्ही ओपन पुन्हा तिथेच आहेत. केरीकर, तिकिटं तुम्ही काढा, भांडण अठराव्या होलच्या कडेला पूर्ण करू. मी छत्री आणतो, सावली म्हणून झाडं तेवढी ठेवलीत ना त्यांनी?